मेंदूच्या वेशीवरचा पहारेकरी

मी एक जुना पहारेकरी आहे. माझा मालक जेवढा जुना, तेवढाच मी. तो आईच्या पोटात मुठी चोखत होता तेव्हाच मी कामावर रुजू झालो, आणि तेव्हापासून आजतागायत मला एका दिवसाची रजा मिळालेली नाही. रजा मागायचीही सोय नाही, कारण मी कुठे बसतो हेच कोणाला ठाऊक नसतं. मित्रांनो, मी मालकाच्या डोक्यात बसतो. मेंदूत केसाहून बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं असतं, त्या प्रत्येक वाहिनीच्या भिंतीत मी आहे. रक्तातून येणाऱ्यांपैकी मेंदूत कोणी जायचं आणि कोणी आल्या पावली परत फिरायचं, हे मी ठरवतो.

इतक्या जबाबदारीच्या माणसाला विद्वानांनी नाव काय द्यावं? ‘रक्त-मेंदू अडथळा’. रस्त्यात पडलेल्या धोंड्याला म्हणावं तसं अडथळा. वेस म्हणता आलं असतं, तटबंदी म्हणता आलं असतं, निदान राखणदार तरी म्हणायचं. जन्मभर डोळ्यांत तेल घालून राखण करावी आणि बारशाला हे नाव मिळावं, याचं मला वाईट वाटतं आणि ते मी लपवत नाही.

माझी घडण मात्र बघण्यासारखी आहे. शरीरात बाकी ठिकाणी रक्तवाहिन्यांच्या भिंती म्हणजे सैल विणलेल्या टोपल्या. त्यातून झिरपतं, गळतं, कोणीही उठावं आणि आरपार जावं. माझ्या पेशी मात्र एकमेकींना काठाला काठ लावून अशा घट्ट शिवल्या आहेत की सुईलाही वाट मिळू नये. शिवाय बाहेरच्या बाजूने चांदणीच्या आकाराच्या पेशी माझ्या पाठीला पाय लावून उभ्या आहेत. त्या मला आधार देतात असं म्हणतात. जन्मभर कोणाचे तरी पाय पाठीवर असणं याला आधार म्हणायचं असेल, तर म्हणा.

माझे नियम साधे आहेत. साखरेला कायमचा परवाना. तिच्यासाठी वेगळं दार ठेवलं आहे, कारण मेंदू म्हणजे नुसता खादाड. प्राणवायूला कोणी अडवायचं कारण नाही. लोह घेऊन येणारी गाडी रोजची, ती ओळखीची. अंगाने बारके आणि तेलकट असे काहीजण माझ्या नाकाखालून निसटतात. चहातली तरतरी तर जावयासारखी येते. विचारत नाही, थांबत नाही, थेट आत जाऊन बसते. बाकी कोणी आगाऊपणा करून शिरलाच, तर त्याची गचांडी धरून त्याला परत रक्तात ढकलायला माझ्याकडे खास माणसं नेमलेली आहेत.

माझ्या मालकाला मी एकेरीत बोलतो. आम्ही एकाच पोटातून आलो, आमच्यात मानपान कसला? तो कुलूप-किल्लीवाला आहे. त्याचं दुकान म्हणजे धुलाईवाला आणि चपलांचं दुकान यांच्यामध्ये उरलेली एक फट. भिंतीभर खिळ्यांना कोऱ्या चाव्या टांगलेल्या, एक किंचाळणारं चावी कापायचं यंत्र, दोन कानशी आणि एक स्टूल. गल्ल्यावर मालकीणबाई बसतात, कारण मालकाला गिऱ्हाइकाकडून पैसे मागायचे म्हणजे अंगावर काटा येतो. मेंदूच्या इतक्या जवळ राहत असल्यामुळे मला हे सगळं कळतं. ही चहाडी नव्हे, हा शेजार आहे.

मालक कुलूप कधी फोडत नाही. दाराबाहेर अडकलेली माणसं घायकुतीला येतात, म्हणतात, “अहो, फोडून टाका एकदाचं.”

“फोडायला मी कशाला पाहिजे? दगड घ्या की,” तो म्हणतो.

मग डोळे मिटतो, कुलपात दोन तारा घालतो आणि उजव्या हाताच्या बोटांनी आतल्या पिना चाचपत बसतो. कुलपाच्या पोटात बारीक पिनांची रांग असते. एकेक पिन आपल्या जागी बसली की तिचा अगदी हलका धक्का बोटांना लागतो. तो डोळ्यांना दिसत नाही, कानाला ऐकू येत नाही, फक्त बोटांना कळतो. सगळ्या पिना बसल्या की दार उघडतं. पण मालक तेवढ्यावर निघत नाही. तो गिऱ्हाइकासमोर कुलूप पुन्हा लावतो, त्याच्याच चावीने उघडून दाखवतो, पुन्हा लावतो, आणि मगच हत्यारं गोळा करतो. उघडलेलं कुलूप पुन्हा नीट लागलं नाही तर आपल्यात आणि चोरात फरक काय, असं तो म्हणतो. माणूस माझ्या विचारांचा आहे.

अशी आमची दोघांची वर्षं छान गेली. लहानपणी मालकाला तापाने घेरलं तेव्हा जंतूंची टोळी वेशीपर्यंत आली होती. एकाला आत सोडलं नाही. पुढे त्याने ऐन तारुण्यात, कोणाच्या तरी नादाने, कसलासा गंजनाशक द्राव चाखून बघितला. पोटाने हाय खाल्ली, यकृताने डोक्याला हात लावला, मी जागचा हललो नाही. दोन्ही वेळेला घरच्यांनी आभार कोणाचे मानले, तर डॉक्टरांचे, नशिबाचे आणि मऊ भाताचे. मित्रांनो, हृदयावर लोक गाणी लिहितात. यकृताची काळजी घ्या म्हणून दवाखान्यात चित्रं लावलेली असतात. माझ्यासाठी कोणी दोन ओळी लिहिल्याचं मला आठवत नाही.

आणि मग मालकाच्या बोटांना कळेनासं झालं.

आधी त्याला वाटलं हात आखडला असेल. मग एकदा गिऱ्हाइकाच्या दारातल्या कुलपात त्याची तार मोडली. हे आजवर कधी झालं नव्हतं. मालक दुकानात परतून स्टुलावर बसला आणि उजवा हात डाव्या हाताने चोळत राहिला. मालकीणबाईंनी गल्ला बंद केला, दुकानाला कुलूप घातलं आणि त्याला धरून डॉक्टरकडे नेलं. तपासण्या झाल्या, मोठ्या चुंबकाच्या बोगद्यात घालून डोक्याचे फोटो काढले, आणि कळलं की मेंदूत गाठ आहे. डाव्या बाजूला, जिथून उजवा हात चालतो त्या जागेला खेटून.

मी सुन्न झालो. माझ्या नजरेखालून कोणी आत गेलं नव्हतं, हे मी छातीठोकपणे सांगतो. रात्रंदिवस मी रक्ताकडे तोंड करून बसलेलो, येणाऱ्याजाणाऱ्याची पारख करत. आणि चोर निघाला आतलाच, मेंदूच्याच कुळातली एक पेशी बिघडलेली. पाठीमागे घरभेद्याने संसार थाटला आणि मला पत्ता नाही. पहारेकऱ्याला पाठीला डोळे द्यायची पद्धत नसते, त्याला मी काय करणार?

शस्त्रक्रिया झाली. गाठीचा मोठा भाग निघाला. पण तिची पिल्लावळ कडेने पसरली होती, थेट हाताच्या जागेत. तिथे सुरी लावली असती तर हातच गेला असता, म्हणून ती पिल्लावळ तशीच राहिली. तिच्यासाठी डॉक्टरांनी औषध सुरू केलं.

ते औषध मला पहिल्या दिवसापासून आठवतं. मोठ्या इतमामात आलं. सलाइनच्या नळीतून, थेंबाथेंबाने, परिचारिकेच्या देखरेखीखाली. माझ्यासमोर उभं राहिलं आणि मी वरपासून खालपर्यंत बघितलं. अंगाने थोराड, अनोळखी, आणि मुळात विषारी. नियमात बसत नव्हतं. मी परत पाठवलं. पुन्हा आलं, पुन्हा पाठवलं. एकदोनदा चिंचोळ्या जागेतून घुसलं, तर माझ्या माणसांनी गचांडी धरून बाहेर काढलं. मग ते बिचारं सगळ्या अंगभर फिरत राहिलं. पोटाला मिळालं, पोटाने सगळं जेवण परत पाठवलं. केसांना मिळालं, केस गळून गेले. नखांना मिळालं, जिभेला मिळालं. जिच्यासाठी एवढा खटाटोप होता, त्या पिल्लावळीला तेवढं मिळालं नाही. ती माझ्या भक्कम भिंतीआड सुखाने वाढत होती.

मालकाची थोरली बहीण, तिला सगळे ताई म्हणतात, ती या काळात रोज डबाभर काढा घेऊन यायची. कसकसल्या मुळ्या होत्या त्यात देव जाणे. नाक दाबून मालक प्यायचा. काढ्याची आणि माझी गाठ कधी पडलीच नाही. तो पोटापर्यंत जायचा आणि तिथूनच निरोप घ्यायचा. पण ताई रोज विचारायची, “कसं वाटतंय रे? डोकं हलकं वाटतंय ना?” आणि मालक रोज म्हणायचा, “हो ताई, बरंच हलकं वाटतंय.” डोक्यावर एक केस उरला नव्हता, तेव्हा हलकं वाटत असेलही.

काही महिन्यांनी पुन्हा फोटो काढले. डॉक्टरीणबाईंनी मालकाला, मालकीणबाईंना आणि ताईला समोर बसवलं. लहानशी खोली, टेबलावर प्लॅस्टिकचा मेंदू, त्याचा एक तुकडा कायम खाली पडणारा. डॉक्टरीणबाई तो तुकडा परत बसवत बसवत बोलत होत्या.

“औषध चांगलं आहे. पण पोचतच नाही.”

“का पोचत नाही?” मालकीणबाई म्हणाल्या.

“मेंदूच्या रक्तवाहिन्यांना एक भिंत असते. ती अडवते.”

“सगळ्यांना असते की ह्यांनाच?”

“सगळ्यांना. पण ह्यांची एकदम ठणठणीत आहे.”

ही माझी आयुष्यातली पहिली स्तुती. ती ज्या सुरात केली गेली, तो सूर सोडला तर मला बरं वाटलं असतं.

“एवढी आडमुठी आहे तर काढून टाका ना ती भिंत,” ताई म्हणाली.

“काढून कसं चालेल? ती आहे म्हणून ते इथवर आले. ती नसती तर साध्या सर्दीनेसुद्धा डोक्यात धिंगाणा घातला असता.”

डॉक्टरीणबाई मला त्या क्षणी आवडल्या.

मग त्यांनी जे सांगितलं ते ऐकून माझी झोप उडाली असती, मला झोप असती तर. गेली कितीतरी वर्षं जगभरातली शहाणी माणसं मलाच चकवायच्या मागे लागली आहेत, हे मला तेव्हा कळलं. पूर्वी म्हणे मानेच्या रक्तवाहिनीतून साखरेसारखं दाट पाणी सोडायचे. माझ्यासारख्यांच्या पेशी त्याने आक्रसायच्या आणि शिवण ताणून उघडायची. पण मग मेंदूची एक अख्खी बाजूच सताड उघडी पडायची आणि औषधासोबत गावगुंडही आत शिरायचे. आता कोणी औषधाला तेलकट डगला चढवून पाठवतं. कोणी त्याला लोहाच्या गाडीच्या टपावर बसवतं. त्या गाडीची झडती मी जन्मात घेतलेली नाही.

“नाकातून नाही का घालता येत?” ताईने विचारलं. “नाक तर मेंदूच्या शेजारीच आहे.”

“तेही करून बघतायत,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. ताईने ‘बघा’ अशा अर्थाने सगळ्यांकडे पाहिलं.

शेवटी त्यांनी स्वतःकडचा उपाय सांगितला. डोक्यावर एक टोप बसवायचा. त्यातून कानाला ऐकू न येणारा आवाज मेंदूतल्या नेमक्या एका जागी रोखायचा. त्याआधी रक्तात बुडबुडे सोडायचे, रक्ताच्या पेशीहूनही बारीक. आवाज लागला की ते बुडबुडे फुगतात, आकसतात, पुन्हा फुगतात, आणि भिंतीला हलके हलके ढुशा देतात. तेवढ्या जागेपुरती शिवण सैल होते. त्या वेळात औषध आत जातं. उपाय नवा होता, सगळीकडे रुळलेला नव्हता, आणि हे डॉक्टरीणबाईंनी झाकून ठेवलं नाही. क्वचित सूज येते, क्वचित थोडं रक्त झिरपतं, असंही त्यांनी सांगितलं.

मालकीणबाईंचा चेहरा उतरला. “नको,” त्या म्हणाल्या. “आहे ते चालू दे. हात गेला तर जाऊ दे. दुकान मी बघेन. माणूस राहिला म्हणजे झालं.”

“हात गेल्यावर मी राहून काय करू? गल्ल्यावर बसू? पैसे मागू लोकांकडे?” मालक म्हणाला.

“मी शिकवेन.”

“आणि अगं, हे थांबलंय कुठे? आज हात, उद्या बोलणं. डॉक्टर, खरं सांगा.”

डॉक्टरीणबाईंनी खरं सांगितलं. औषध पोचलं नाही तर हात जाईल, आणि मग हातावर थांबणारही नाही. मित्रांनो, माझा नियम चोख होता, माझं काम चोख होतं, आणि माझ्याच चोख कामाच्या आडोशाने माझा मालक मरणार होता. याचं काय करायचं ते कोणत्याच नियमात सांगितलेलं नव्हतं.

मग मालकाने विचारलं, “मला एकच सांगा. ते परत लागतं का?”

“काय?”

“ते दार. उघडलंत ते. परत नीट लागतं का?”

“लागतं. साधारण एका दिवसात.”

“कोण लावतं?”

“कोणी नाही. ती भिंतच स्वतःला पुन्हा शिवून घेते.”

मालकाने तो प्लॅस्टिकचा मेंदू जवळ ओढून निरखला. मग म्हणाला, “असं कुलूप मी उभ्या जन्मात बघितलं नाही. आपलं आपण लागतं.” आणि डावा हात उचलून त्याने स्वतःचं टक्कल हळूच थोपटलं.

त्या थोपटण्याने मी आतून हललो. इतक्या वर्षांत माझ्याशी असं कोणी वागलं नव्हतं. त्याने होकार दिला, आणि मालकीणबाई उठून खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या. रस्त्यावर बघण्यासारखं काही नव्हतं.

ठरलेल्या दिवशी आम्ही इस्पितळात गेलो. टोपासाठी डोकं तुळतुळीत लागतं. ते काम औषधाने आधीच करून ठेवलं होतं. अडचण दुसरीच आली. टोप त्या मोठ्या चुंबकाच्या खोलीत असतो, तिथे लोखंडाचा कणही चालत नाही, आणि माझा मालक म्हणजे चालतं-बोलतं लोखंडाचं दुकान. फोटोंच्या वेळीही अशी झडती झाली होती, पण सवय कुठली सुटते. चुंबकाच्या खोलीतला माणूस हातात धातू ओळखणारी पट्टी घेऊन उभा होता. मालकाने खिशातलं सगळं काढून ठेवलं. पट्टी वाजली. कॉलरमध्ये एक तार निघाली. पुन्हा वाजली. बाहीच्या दुमडीत दोन निघाल्या. त्याला इस्पितळाचे कपडे घालायला दिले, तर चप्पल वाजली. तिच्या तळव्यात एक कानशीचा तुकडा रुतून बसला होता. चप्पल काढली. पट्टी आता गालाशी वाजली.

“तोंडात काही आहे का?” तो माणूस म्हणाला.

“नाही,” मालक म्हणाला, पण ओठ न उघडता.

“अहो,” मालकीणबाई म्हणाल्या, फक्त एवढंच.

मालकाने ओठाच्या आतून बोटभर लांबीची बारीक तार काढून त्यांच्या हातावर ठेवली. “ती असते,” तो म्हणाला. “लक्षातच नाही आलं.”

“झोपतानासुद्धा मी काढायला लावते,” मालकीणबाईंनी त्या माणसाला सांगितलं. त्याने डॉक्टरीणबाईंकडे बघितलं. डॉक्टरीणबाईंनी छताकडे बघितलं. सलाइनमधून औषध आधीच सुरू झालं होतं आणि इथे माणसाच्या तोंडातून हत्यारं निघत होती.

टोप बसला. डोकं हलू नये म्हणून चौकटीत पक्कं आवळलं. टोप आणि टक्कल यांच्यामध्ये गार पाणी भरलं, त्याने मालकाच्या दातावर दात आपटू लागले. रक्तातून बुडबुड्यांची वरात आली. मी शिवणी आवळून बसलो. साखरेचं पाणी असेल, तेलकट डगला असेल, टपावर लपलेला चोर असेल, कशाशीही दोन हात करायला माझी तयारी होती. होकार मालकाने दिला होता, मी दिला नव्हता. पहारेकऱ्याने असं कोणी थोपटलं म्हणून दार उघडायचं नसतं.

आवाज सुरू झाला. आणि मित्रांनो, गुदगुल्या.

दुसरा शब्द मला सापडत नाही. ते चिमुकले बुडबुडे फुगत होते, आकसत होते, आणि त्या एकाच जागी मला अशा काही ढुशा देत होते की मी आधी ओठ चावून धरला, मग अंग आखडलं, मग मालकाच्या लहानपणीचा ताप आठवून गंभीर व्हायचा प्रयत्न केला. काही उपयोग झाला नाही. जन्मात न हसलेला मी खदाखदा हसलो आणि हसता हसता त्या जागेची शिवण सैल झाली. पाठीवर पाय ठेवून उभ्या असलेल्या चांदण्या घाबरून विचारू लागल्या की याला झालंय काय.

सैल झालेल्या शिवणीसमोर तेच औषध उभं होतं, ज्याला मी महिनोन्‌महिने हाकलून दिलं होतं. मला वाटलं, आता हे मला टोमणा मारणार. पण ते मान खाली घालून आत गेलं आणि कामाला लागलं.

संध्याकाळपर्यंत माझं हसू ओसरलं आणि मी शिवायला बसलो. इतक्या मन लावून मी कधी शिवलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मालकाने डोळे उघडल्यावर पहिला प्रश्न केला, “लागलं का?”

“काय लागलं? पाणी हवंय का?” मालकीणबाई म्हणाल्या.

“दार गं.”

त्याने डॉक्टरीणबाईंचा पिच्छाच पुरवला. त्यांनी बापड्यांनी दोन फोटो आणून दाखवले. आदल्या दिवशीच्या फोटोत, जिथे शिवण उघडली होती, तिथे रक्तात सोडलेलं खास द्रव्य आत झिरपून पांढरा ठिपका उमटला होता. आजच्या फोटोत त्या जागी ठिपका नव्हता. मालकाने फोटो उजेडाकडे धरला, डावीकडून बघितला, उजवीकडून बघितला.

“चोख,” तो म्हणाला, आणि मगच चहा मागितला.

त्यानंतर महिन्याला एकदा आमची टोपाची वारी ठरली. दर वेळी मी आवळून बसायचो, दर वेळी हसायचो, दर वेळी रात्रभर शिवायचो. घरी मालकीणबाईंनी स्वयंपाकघरातल्या टेबलावर एक जुनं कुलूप आणून ठेवलं होतं. मालक रोज जेवण झालं की ते पुढे ओढायचा, दोन तारा घालायचा, डोळे मिटायचा, आणि थोड्या वेळाने कुलूप बाजूला सारून द्यायचा. मालकीणबाई पाठमोऱ्या भांडी घासत असायच्या. त्या वेळी त्यांच्या हातातलं भांडं कधीच घासून संपायचं नाही.

एक दिवस असंच चाललं होतं. नळ चालू होता. मालक डोळे मिटून बसला होता.

“तिसरी अडतेय,” तो म्हणाला.

मालकीणबाईंनी नळ बंद केला. “काय म्हणालात?”

“तिसरी पिन. आडमुठी आहे. तेल घालायला हवं.”

बोटांना कळलं होतं. मालकीणबाई तिथेच खुर्चीवर बसल्या, साबणाचे हात तसेच मांडीवर, आणि रडल्या. मालक कुलपात इतका गुंतला होता की त्याच्या लक्षात यायला वेळ लागला. आल्यावर तो म्हणाला, “अगं, तेल घातलं की होईल ते,” आणि मग तोही रडला. मी मेंदूच्या वेशीवर बसलेला एक पहारेकरी, मला डोळे नाहीत, तरी माझं काय झालं ते मी सांगत नाही.

पुढच्या फोटोत पिल्लावळ आक्रसलेली दिसली. संपली नाही, डॉक्टरीणबाई तसं म्हणाल्या नाहीत आणि मीही म्हणणार नाही, कारण आता मी अधूनमधून पाठीमागेही कान देतो आणि तिची कुजबुज अजून मला ऐकू येते. पण हात राहिला. ताईने नातेवाइकांत सांगितलं की काढ्यानेच उतार पडला, फक्त डॉक्टर लोक मान्य करत नाहीत.

मित्रांनो, माझी जातवाली मंडळी तुमच्याही डोक्यात बसलेली आहेत. त्यांना आभार नकोत, त्यांची सवय नाही आम्हांला. फक्त सायकलवर बसताना डोक्यावर काहीतरी घाला, वेळेवर झोपा म्हणजे आम्हांला आतला केरकचरा बाहेर काढता येतो, आणि दिसली वस्तू की चाखून बघायची हौस आवरा. आणि कधी कोणा शहाण्याने आमच्यातल्या एखाद्याला आडमुठा म्हटलं, तर त्याला एवढं सांगा की आडमुठेपणा हीच त्याची नोकरी आहे. त्याला फोडू नका. गोडीने घ्या.

परवा आम्ही पुन्हा टोपाखाली गेलो. तोंडातली तार मालकीणबाईंनी घरीच काढून घेतली होती. गार पाणी भरलं, मालकाच्या दातांनी टकटक सुरू केली, रक्तातून औषध येऊन माझ्यासमोर अदबीने उभं राहिलं. बुडबुडे अजून मानेपाशीच होते, आवाज सुरूही झाला नव्हता. मी औषधाकडे बघितलं, मालकाच्या उजव्या हाताकडे जाणाऱ्या वाटेकडे बघितलं. मग कोणाला दिसणार नाही अशा बेताने ती शिवण जराशी सैल केली आणि दुसरीकडे बघत बसलो.

बाहेर काचेमागे डॉक्टरीणबाई फोटो बघून म्हणाल्या, “आज फारच लवकर उघडलं. यंत्र सुधारलंय हल्ली.”

सुधारलं असेल.